मजकूर आणि मतलब

पुष्कळ वर्षांपूर्वी, शाळा-तपासणीच्या कामावर असताना, एका डोंगराळ तालुक्यातील प्राथमिक शाळेत जाण्याचा प्रसंग मला आला. साहेब तपासणीस यावयाचे म्हटले म्हणजे शाळेत जे जे घडते ते ते तेथे यथासांग घडलेले होते. पटांगण झाडून त्यावर सडा घातलेला होता, फळ्यावर रंगीत खडूने सुविचार लिहिलेला होता, हजेरीपत्रक व दप्तर टेबलावर मांडलेले होते, आणि चौथीच्या वर्गात ज्या मुलाचे वाचन सर्वांत चांगले त्यास पहिल्या रांगेत, नेमका माझ्या दृष्टीस पडेल अशा बेताने, बसविण्यात आले होते. त्या मुलाने एक धडा वाचून दाखविला. वाचन खरोखरच निर्दोष होते. जोडाक्षरांशी तो अडखळला नाही, स्वल्पविरामाशी किंचित व पूर्णविरामाशी पुरेसा थांबला, आणि प्रश्नचिन्ह आले तेथे त्याने स्वरही चढविला. धडा एका म्हातारीचा होता. नातवाच्या औषधपाण्यासाठी ती बाजाराच्या दिवशी आपली शेळी विकते आणि संध्याकाळी नुसता दोर हाती घेऊन परतल्यावर घराच्या उंबऱ्यापाशी बराच वेळ उभी राहते, एवढेच कथानक. मी विचारले, "म्हातारी उंबऱ्यापाशी का उभी राहिली?" मुलाने पुस्तकावर बोट फिरविले, ते वाक्य हुडकून काढले आणि मला पुन्हा वाचून दाखविले. मी म्हटले, "ते खरे, पण का?" त्याने आधीचे वाक्य पाहिले, दोहोंची सांगड घातली आणि उत्तर दिले, "संध्याकाळ झाली होती म्हणून." तेव्हा गुरुजी पुढे सरसावून अगदी अजिजीने म्हणाले, "साहेब, हा प्रश्न स्वाध्यायात नाही."

त्या वेळी मला हसू आले. परंतु पुढे जसजशा अधिक शाळा पाहिल्या तसतसे माझ्या ध्यानात आले की, त्या गृहस्थांनी सबब सांगितली नव्हती, तर आपल्या साऱ्या वाचनशिक्षणाची हकीकत एका वाक्यात सांगून टाकली होती. धड्याच्या शेवटी प्रश्न छापलेले असतात. त्यांची उत्तरे धड्यात असतात. ती हुडकून वहीत उतरविली म्हणजे मुलास धडा समजला असे धरावयाचे, असा हा अलिखित करार आहे, व त्याच्या अटी शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि परीक्षक हे चौघेही इमानाने पाळीत असतात.

हे ज्यास अतिशयोक्तीचे वाटेल त्याने एक लहानसा प्रयोग करून पाहावा. पुढील वाक्ये मी आत्ताच, लिहिता लिहिता, रचली आहेत व त्यांना काडीचाही अर्थ नाही: "सकाळी खेटू दरभ्यावर गेला. तेथे त्याने झुंबळ गिमकवली. त्यामुळे गावातले सगळे लोंभे त्याच्यावर चेंबटले." आता प्रश्न पाहा. खेटू कोठे गेला? दरभ्यावर. त्याने काय गिमकवले? झुंबळ. त्याच्यावर कोण चेंबटले? गावातले सगळे लोंभे. ते का चेंबटले? खेटूने झुंबळ गिमकवली म्हणून. चारांपैकी चार गुण पदरात पडले, एवढेच नव्हे तर शेवटचे उत्तर कारणमीमांसेचे म्हणून एखादे परीक्षक त्यावर खूषही होतील. मराठीचे प्रत्यय व क्रियापदाची रूपे इतकी बोलकी आहेत की, 'वर' स्थळ सांगतो, 'ने' कर्ता सांगतो, 'त्यामुळे' कार्यकारणाची गाठ मारून देतो, आणि शब्दांच्या पोटात काहीही नसताना वाक्याचा सांगाडा आपल्या बळावर उभा राहून सवालांचे जवाब देतो. "झुंबळ गिमकवणे ही चांगली गोष्ट आहे की वाईट, व ते तुम्हांस कशावरून वाटते?" एवढे एकच विचारा, मग मात्र पानावर बोट फिरवून भागत नाही.

'मजकूर' आणि 'मतलब' हे दोन्ही शब्द फारसीच्या वाटेने आपल्या दप्तरांत आले, आणि त्या दप्तरांत वावरणारा कारकून त्या दोहोंतील अंतर पुरते जाणून होता. (पुढे मतलबाला स्वार्थाचा वास लागला व त्यापासून 'मतलबी' माणूस निपजला, ही गोष्ट वेगळी.) त्या कारकुनाचे वाचन कसे चाले हे पाहिले तर आजच्या प्रश्नावर थोडा प्रकाश पडतो. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे लटकावीत जाई. शब्दाशब्दांमध्ये जागा सोडण्याची चाल नव्हती, विरामचिन्हे नव्हती, ऱ्हस्वदीर्घाचा भेदही सामान्यतः पाळला जात नसे. अशा ओळीत 'कामनाही' एवढी अक्षरे एकापुढे एक आली, तर ती 'काम नाही' अशी तोडावयाची, 'कामना ही' अशी तोडावयाची, की 'कामनाही' असा अखंड शब्द धरावयाचा, हे अक्षरे सांगत नसत. पत्र कोणाचे, कोणास, कोणत्या प्रकरणी, मागील पत्रात काय आले होते, हे ज्याच्या डोक्यात असेल त्यालाच ते सांगता येई. म्हणजे मोडीच्या वाचकास मतलब आधी थोडासा हाती आल्याखेरीज मजकूर धड उच्चारताच येत नसे. पुढे बाळबोधात छापलेली क्रमिक पुस्तके आली, शब्द सुटे झाले, आणि इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठीत रुळली, ज्या कामी मेजर थॉमस कँडी यांचा हात मोठा होता. ही सोय थोर होती व तिने विद्या चार लोकांच्या हातून चारशे लोकांच्या हाती गेली, यात संशय नाही. पण तिच्याबरोबर दुसरीही एक सोय नकळत झाली. मतलब यत्किंचितही न कळता मजकूर बिनचूक वाचून दाखविता येऊ लागला.

या दुसऱ्या सोयीचा फायदा घेण्यास सरकारी कायद्यांनीही उत्तेजन दिले. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने 'निकालाप्रमाणे पैसा' हा कानू अमलात आला. तपासनिसाने वर्गात येऊन प्रत्येक मुलाकडून वाचून घ्यावे, जितकी मुले उतरतील तितके अनुदान शाळेस मिळावे, अशी त्याची रचना होती. परिणाम व्हावयाचा तोच झाला: वर्षभर एकच पुस्तक घोकून घेण्यात येऊ लागले व तपासणीच्या दिवशी मुले ते पाठ म्हणू लागली. कवी मॅथ्यू अर्नोल्ड हे त्या काळी शाळातपासनीस होते आणि या व्यवस्थेने वाचनातील जीव कसा जातो याविषयी त्यांनी आपल्या सरकारी अहवालांतूनच टीका केली. मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांच्या अनुदानास निकालाचे तत्त्व लागले होते. तो कानू इतिहासजमा झाला. पण साहेब येणार म्हणून चांगल्या वाचणाऱ्यास पहिल्या रांगेत बसविण्याची चाल, मी वर सांगितलीच, मागे राहिली.

वाचन हा विचाराचा व्यापार आहे ही गोष्ट शास्त्रीय पद्धतीने प्रथम मांडणाऱ्यांत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांचे नाव घ्यावे लागते. १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात त्यांनी मुलांच्या बरोबर उत्तरांकडे न पाहता चुकांकडे पाहिले, हेच त्यातले मर्म. एका गावी सात ते चौदा वर्षांच्या मुलांस शाळेत हजर राहण्याची सक्ती आहे, मात्र मूल आजारी असेल, घरात स्पर्शजन्य रोग असेल, किंवा रस्ते चालण्याजोगे नसतील तर सूट आहे, अशा आशयाचा एक लहानसा उतारा, अगदी सरकारी जाहीरनाम्यासारखा, त्यांनी मुलांपुढे ठेवला व त्यावर साधे प्रश्न विचारले. उत्तरे भलभलती आली. पण त्या भलतेपणातही एक रीत होती. मूल एखाद्या शब्दाला पकडून बसे व त्याला वाजवीहून अधिक वजन देई, आणि ज्या 'मात्र'वर किंवा 'किंवा'वर साऱ्या वाक्याचा तोल अवलंबून होता त्याच्याकडे त्याचे लक्षच जात नसे. उतारा समजणे हे गणित सोडविण्यासारखे आहे, योग्य पदे निवडावी लागतात, प्रत्येकाला त्याच्या योग्यतेचे वजन द्यावे लागते व ती परस्परांशी जुळवावी लागतात, असा निष्कर्ष थॉर्नडाइक यांनी काढला. माझ्या त्या चौथीतल्या मुलाचे नेमके या वजनातच चुकले होते. 'संध्याकाळ' त्याच्या तराजूत जड झाली आणि 'नुसता दोर' हलका पडला.

हा निबंध निघून साठ वर्षे लोटली तरी वर्गात फरक किती पडला, हे पाहण्याचे मनावर घेतले ते इलिनॉय विद्यापीठातील डोलोरेस डर्किन या बाईंनी. त्यांनी तिसरी ते सहावीच्या वर्गांत प्रत्यक्ष बसून, घड्याळ लावून, शिक्षक वाचनाच्या तासाला काय करतात याची मिनिटामिनिटाची नोंद केली, आणि १९७८-७९ साली ती प्रसिद्ध केली. चौथीच्या वर्गांत पाहिलेल्या वाचनाच्या तासांची एकंदर बेरीज ४,४६९ मिनिटे भरली. त्यांपैकी आकलन कसे करावे हे शिकविण्यात गेलेली मिनिटे होती २०. उरलेल्या वेळात शिक्षक आळस करीत होते असे मुळीच नव्हे. ते प्रश्न विचारीत होते, आलेले उत्तर बरोबर की चूक ते सांगत होते, चूक असल्यास दुसऱ्या मुलास उभे करीत होते, आणि हे करताना आपण आकलनच शिकवीत आहो अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

मला वाटते, या विषयात सांगण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे. अर्थ विचारणे म्हणजे अर्थ लावण्यास शिकविणे नव्हे. आमच्या लहानपणी गावच्या विहिरीत पोहावयास शिकविताना वडील मंडळी मुलाच्या पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधीत, स्वतः पाण्यात उतरत, पोटाखाली हात धरीत आणि पाय कसे मारावयाचे ते मारून दाखवीत. त्याऐवजी कोणी काठावर वही घेऊन बसला असता आणि जो तरला त्याच्या नावापुढे बरोबर व जो बुडाला त्याच्या नावापुढे चूक अशी खूण करता, तर त्यास आम्ही पोहणे शिकविणारा म्हटले नसते. दुसरे काहीतरी म्हटले असते.

पाण्यात उतरणे म्हणजे काय, ते त्याच म्हातारीच्या धड्यावरून दाखविता येईल. गुरुजींनी धडा मुलांपुढे मोठ्याने वाचावा व उंबऱ्याच्या वाक्याशी थांबून, प्रश्न न विचारता, स्वतःच्या मनात काय चालले आहे ते बोलून दाखवावे: "थांबा हं. ही बाई दिवसभर चालून दमलेली, घरी नातू आजारी, मग ती चटकन आत का जात नाही? मला हे जरा चमत्कारिक वाटते. मागे पाहू या. तिच्या हातात काय आहे? नुसता दोर. सकाळी त्या दोराला काय बांधलेले होते? आणि शेळी बांधण्याची जागा कोठे होती? पहिल्याच परिच्छेदात आहे, उंबऱ्याजवळच्या खुंटाला. म्हणजे रोज घरी आल्यावर ती आधी काय करीत असेल?" इतके झाल्यावर बहुधा उत्तर सांगावे लागतच नाही. यात गुरुजींनी मुलांस अर्थ दिला नाही, किंवा मागितलाही नाही. जाणता वाचक जे काम मनातल्या मनात व इतक्या वेगाने करतो की त्याचे त्यालाही कळत नाही, ते त्यांनी उघड्यावर, सावकाश, करून दाखविले. खटकले तेथे थांबणे, मागे जाणे, दोन दूरच्या वाक्यांना एकत्र आणणे आणि लेखकाने जे लिहिले नाही ते त्याने लिहिलेल्यावरून काढणे, ही ती कामे. मुलांपैकी अनेकांना आपण न समजता पुढे जात आहो हेच ठाऊक नसते. वाचताना अडणे म्हणजे अक्षराशी अडणे, अशी त्यांची समजूत असते, व अर्थाशी अडून थांबलेला मोठा माणूस त्यांनी कधी पाहिलेलाच नसतो.

ही कामे मुलांच्या हाती हळूहळू सोपविण्याची एक रीत अ‍ॅनमरी पॅलिंक्सर व अ‍ॅन ब्राउन या दोघींनी १९८४ साली प्रसिद्ध केली. लहानसा गट करावयाचा; एकेका परिच्छेदानंतर थांबावयाचे; पुढे काय येईल याचा अंदाज बांधणे, परिच्छेदावर स्वतः प्रश्न तयार करणे, अडलेल्या जागेचा खुलासा करणे आणि थोडक्यात सार सांगणे ही चार कामे आरंभी शिक्षकाने करून दाखवावयाची व मग पाळीपाळीने मुलांनीच शिक्षकाच्या जागी बसावयाचे. सातवीतील, अक्षरवाचन बरे पण आकलन कच्चे अशा मुलांत या रीतीने चांगली सुधारणा झाली. परंतु येथे एक सावधगिरीची सूचना केलीच पाहिजे, कारण आपल्याकडे कोणत्याही चांगल्या रीतीचे कर्मकांड व्हावयास फार दिवस लागत नाहीत. असल्या युक्त्या मूल थोड्या आठवड्यांत शिकते; त्याच त्या वर्षानुवर्षे गिरवीत बसल्याने त्यांचे बळ वाढत नाही. 'मध्यवर्ती कल्पना ओळखा' हा तक्ता भिंतीवर डकवून प्रत्येक उताऱ्याला तीच कवायत करावयास लावणे म्हणजे खेटू आणि झुंबळ यांचीच सुधारलेली आवृत्ती होय.

कारण युक्त्यांच्या पलीकडे आकलनाचा खरा साठा दुसरीकडेच असतो, तो म्हणजे वाचकाच्या आधीच्या ज्ञानात. १९७२ साली ब्रॅन्सफर्ड व जॉन्सन यांनी लोकांना एक उतारा ऐकविला, ज्यात वस्तूंचे ढीग करावे, एका वेळी फार घेऊ नये, सोयी नसतील तर दुसरीकडे जावे, अशी सोपी सोपी वाक्ये होती, आणि ऐकणाऱ्यांस त्याचा काही केल्या उमज पडला नाही. ज्यांना हे कपडे धुण्याविषयी आहे एवढे आधी सांगितले होते त्यांना सर्व काही समजले व लक्षातही राहिले. ज्यांना नंतर सांगितले त्यांना त्याचा उपयोग झाला नाही. एकही शब्द कठीण नव्हता. पुढे १९८८ साली रेक्ट व लेस्ली यांनी याहून मार्मिक प्रयोग केला. त्यांनी माध्यमिक शाळेतील ६४ मुले घेतली, काही वाचनात हुशार, काही मंद. आणि त्या दोन्हींत काही बेसबॉलचे जाणकार, काही अनभिज्ञ. सर्वांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचावयास दिले. खेळ जाणणाऱ्या मंद वाचकांनी खेळ न जाणणाऱ्या हुशार वाचकांवर सहज मात केली. आपल्या एखाद्या वाड्यावस्तीवरील मुलास क्रिकेटच्या सामन्याचा वृत्तांत दिला आणि इंग्लंडच्या एखाद्या प्राध्यापकास बैलगाड्यांच्या शर्यतीचा दिला, तर काय होईल याचा अंदाज वाचकांनी करावा.

गफ व टनमर या दोघांनी १९८६ साली मांडलेले एक सोपे सूत्र येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते वाचनाचे आकलन म्हणजे अक्षरे ओळखून शब्द काढण्याची शक्ती आणि ऐकलेली भाषा समजण्याची शक्ती यांचा गुणाकार. बेरीज नव्हे, गुणाकार. कोणताही एक अवयव शून्य झाला की फल शून्य. यामुळे दोन्ही पक्षांची तोंडे बंद होतात: अक्षरे घोटून घेतली की बाकी आपोआप होईल म्हणणाऱ्यांचीही, आणि अर्थावर भर दिला की अक्षरांची चिंता नको म्हणणाऱ्यांचीही. देवनागरीत मूळ अक्षरे, बाराखड्या व जोडाक्षरे धरून शेकडो आकृत्या होतात, व त्या पक्क्या होण्यास तिसरी-चौथीपर्यंतचा काळ जाऊ शकतो. म्हणून 'आधी अक्षर, मग अर्थ' असा क्रम लावल्यास अर्थाची पाळी यावयास मूल नऊ-दहा वर्षांचे होते. तोवर त्याने काय करावे? ऐकावे. पहिलीच्या मुलास चौथीचे पुस्तक वाचता येत नाही, परंतु कोणी वाचून दाखविल्यास ते समजते. गुणाकाराचा दुसरा अवयव पहिल्याची वाट न पाहता वाढविता येतो. रोज पंधरा मिनिटे शिक्षकाने वर्गास चांगले पुस्तक मोठ्याने वाचून दाखविणे, मधून मधून थांबून बोलणे, यास ना अनुदान लागते ना परवानगी. तथापि वेळापत्रकात त्यास रकाना नाही, आणि ज्यास रकाना नाही ते सरकारी शाळेत होणे कठीण, हे मी अनुभवाने सांगतो.

ऐकावे म्हणण्यास आणखी एक कारण आहे. पुस्तकातील मराठी ही कोणाच्याच घरची मराठी नव्हे. आणि ज्या मुलाच्या घरी वारली, कातकरी, अहिराणी किंवा कोळी बोली चालते त्यास तर ती अर्धी परभाषाच. तत्सम शब्दांची अडचण सर्वांना दिसते व म्हणून धड्याखाली शब्दार्थ छापतात. पण खरी ठेच लागते ती लहान, निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दांशी. 'ज्या गावांत पाऊस पडला नाही त्या गावांतील शेतकऱ्यांचा सारा माफ झाला' या वाक्यात 'ज्या'ने उघडलेले दार 'त्या' येईपर्यंत उघडे ठेवावे लागते. मुलाची स्मृती मध्येच ते लावून घेते आणि उत्तर येते, शेतकऱ्यांचा सारा माफ झाला, सर्वांचा. 'खेरीज', 'अन्यथा', 'असूनही', 'किंबहुना' यांचे अर्थ कोणत्याही शब्दार्थाच्या यादीत नसतात. आणि 'च'! पाटलांनी बैल परत दिला. पाटलांनीच बैल परत दिला. पाटलांनी बैलच परत दिला. पाटलांनी बैल परत दिलाच. या चार वाक्यांतील घटना एकच आहे. परंतु दुसऱ्यात कोणा दुसऱ्यावरील आळ किंवा श्रेय दूर होते, तिसऱ्यात आणखी काहीतरी द्यावयाचे राहिले आहे किंवा दुसरेच काही अपेक्षित होते असा ध्वनी उमटतो, आणि चौथ्यात कोणाची तरी नाही देणार अशी पैज हरलेली ऐकू येते. पाचवीच्या वर्गात ही चार वाक्ये फळ्यावर लिहून "प्रत्येकाच्या आधी काय भांडण झाले असेल?" असे विचारून पाहावे; तास संपल्याची घंटा ऐकू येत नाही.

अलीकडे या गोष्टींची मोजदाद होऊ लागली आहे. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भारतात 'असर' पाहणी होते. पाचवीतील मुलांपुढे दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवला असता २०२४ साली निम्म्याहून किंचित कमी मुलांना तो वाचता आला. हा आकडा भयंकर आहे व तो वारंवार सांगितला जातो. पण तो वाचून दाखविण्याचा आकडा आहे, समजण्याचा नव्हे, हे सांगावयाचे बहुधा राहून जाते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' ही मोहीम काढली. तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटास निदान ६० शब्द अर्थासह वाचावे हे तिचे एक लक्ष्य. साठ शब्द मोजावयास घड्याळ पुरते. 'अर्थासह' मोजावयास माणूस लागतो, आणि म्हणून व्यवहारात पहिला भाग मोजला जाऊन दुसरा शेऱ्याच्या रकान्यात जाईल अशी मला धास्ती वाटते. शैलजा मेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात मराठी आणि कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यात कन्नड शिकणाऱ्या पहिली ते तिसरीच्या मुलांचा काही वर्षे मागोवा घेतला. अक्षरओळख, बाराखडी आणि फळ्यावरचे उतरवून काढणे यांतच वर्गाचा बराच काळ जातो व अर्थाच्या वाट्याला फार थोडा उरतो, असे त्यांना आढळले. डर्किनबाईंची वीस मिनिटे वाड्यासही ओळखीची आहेत.

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत मी किनाऱ्यावरच्या एका शाळेत गेलो होतो. पाचवीत भरती-ओहोटीचा धडा चालू होता. तेथील बाईंनी माझ्याकडे फारसे लक्ष दिले नाही, ही गोष्ट मला आवडली. एका मुलीने वाक्य वाचले, पौर्णिमेस व अमावास्येस भरतीचे पाणी नेहमीपेक्षा अधिक चढते अशा अर्थाचे, आणि बाईंनी तिला तेथेच थांबविले. "मग अष्टमीला काय होत असेल गं?" चांगले वाचणाऱ्या मुलींची बोटे पानावर फिरू लागली, त्या पानावर अष्टमीचे नावही नव्हते. मागच्या भिंतीशी बसलेला एक मुलगा, ज्याचे वाचन मी थोड्या वेळापूर्वी ऐकले होते व अक्षर-अक्षर अडखळत चालले म्हणून मनात नोंदही केली होती, हात वर न करताच बोलला, "अष्टमीला भांग असतो, बाई. पाणी वर चढतच नाही. होडी गाळात बसते."

बाईंनी फळ्यावर 'उधाण' आणि 'भांग' असे दोन शब्द लिहिले. मग त्या म्हणाल्या, "याला हे घरून ठाऊक आहे. पण पुस्तकातही ते कोठेतरी लपलेले आहे. कोणत्या शब्दात, ते काढा." बराच वेळ कोणी बोलले नाही. एकाने 'अमावास्या' म्हणून पाहिले, एकीने 'चढते' म्हणून पाहिले. तो मुलगा पुस्तक डोळ्यांजवळ धरून तेच वाक्य ओठांत पुन्हा पुन्हा जुळवीत होता; मग त्याने बोट टेकले आणि म्हणाला, "नेहमीपेक्षा."

पुढचे वाक्य वाचण्याची पाळी बाईंनी त्यालाच दिली. 'गुरुत्वाकर्षण' या शब्दाशी तो अडला, दोनदा मागे गेला, पुन्हा अडला, तेव्हा मघाशी पान धुंडाळणाऱ्या मुलींपैकी एक त्याच्याकडे सरकली आणि आपल्या बोटाने निम्मा शब्द झाकून धरून त्याला म्हणाली, "आधी एवढंच वाच."